धुराची दोन पिंपं

६ फेब्रुवारी १९९५, सोमवार

मालाबरोबर आलेला कागद म्हणतो माल उत्तम आहे आणि माझं नाक म्हणतं माल बिघडलेला आहे. दोघांपैकी खरं कोण, हे कसं ठरवायचं? मला सांगता येत नाही. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता.

स्कॉटलंडहून दोन लाकडी पिंपं आज आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात पोचली. एरवी आम्ही मळीच्या स्पिरिटची साधी व्हिस्की आणि रम भरतो. यंदा कंपनीला पंचवीस वर्षं पूर्ण होतात म्हणून चेतनदास सेठजींनी तिकडच्या एका बेटावरची सिंगल माल्ट स्कॉच मागवली आहे. तिच्यात इथे फक्त पाणी मिसळायचं आणि मोजून नऊशे बाटल्या भरायच्या. प्रत्येक बाटलीवर नंबर. नऊशे संपल्या की पुन्हा कधीच नाही. समारंभ चौदा मेला आहे.

मी इथे ज्युनिअर केमिस्ट, त्यामुळे पहिला नमुना माझ्याकडे आला. बूच काढलं आणि प्रयोगशाळेत दवाखाना उघडल्यासारखं झालं. डेटॉल, जळकं लाकूड, ओलं फडकं. मी शिरगावची मुलगी. आमच्या ओढ्यात केमिकल कंपनीचं पाणी शिरून दुधीचा वेल मेला तेव्हा मी आठवीत होते. तो वास मला पाठ आहे. पुढे कॉलेजात कळलं की त्याला फिनॉल म्हणतात. रसायन घालून पाहिलं, रंगही आला.

रिपोर्टवर लिहिलं, 'फिनॉलची भेसळ. नापास.' खाली पूर्ण सही केली, कुमुदिनी हरिचंद्र भोईर. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, हे नमूद करते.

७ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही पिंपांना मी लाल पट्टी लावली. वर्क्स मॅनेजर दिघेसाहेब धावत आले.

"भोईर, ही पिंपं कुठून आलीत माहीत आहे ना? भिवंडीहून नाही आली."

"कुठूनही येवोत सर, फिनॉल ते फिनॉल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, सेठजींना तूच सांग. मी सांगितलं. सेठजींनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "ठीक है बेटी, तपास करू. फॅक्स भेजता हूं." माझ्या सीनिअर मालिनीताई कर्णिक दिवसभर माझ्याकडे बघत होत्या. मला वाटतं, त्यांना कौतुक वाटलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज शेतावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मडकं उलटं करून भोवती पेंढा पेटवला. काकाची सगळी मुलं आली होती. आईने मडकं फोडलं तेव्हा पाल्याचा आणि धुराचा असा वास आला की सगळे जवळ सरकले.

आईने शेंग नाकाशी धरली आणि म्हणाली, "पेंढा गेल्या सालचा हाय. जरा दमट व्हता." बाबा हसले. पण काका म्हणाला, खरं आहे, माळ्यावरचा जुना काढला होता. आई धुरावरून लाकूड ओळखते, शेजारणीने चूल कशाने पेटवली ते ओट्यावर बसून सांगते.

आईला मी कारखान्याचं खरं सांगितलेलं नाही. औषधाची कंपनी म्हणाले आहे. ही डायरी आहे तर इथे तरी लिहायला हवं. मी सहा वर्षांची असताना आईने, म्हणजे ठमाबाई भोईर या बाईने, गावच्या बारा बायका घेऊन ओढ्याकाठची हातभट्टी फोडली होती. पिंपांवर कुऱ्हाडी घातल्या. माझा मोठा काका त्या भट्टीच्या दारूने गेला होता. अशा बाईला मी काय सांगू? बाबांना माहीत आहे. ते म्हणाले, सावकाश सांगू. त्याला आठ महिने झाले.

आज ती मला सहज म्हणाली, "तुज्या औषदाला गोड वास येतो का गो?" मी तिला सांगितलं की काही द्रावणं गोड वासाची असतात. तिला पटलं.

१५ फेब्रुवारी, बुधवार

फॅक्स आला. दिघेसाहेबांनी तो सगळ्या स्टाफसमोर वाचला.

तिकडच्या माणसाने लिहिलं होतं की तुमच्या केमिस्टचं नाक फार चांगलं आहे, तिला आमच्याकडून शुभेच्छा द्या. त्यांच्या बेटावर झाडं कमी. तिथे दलदलीत शेकडो वर्षं कुजून घट्ट झालेली माती असते, तिला पीट म्हणतात. ती विटांसारखी कापून वाळवतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात. धुरातला फिनॉल जवात उतरतो, जवातून दारूत. त्या वासासाठीच लोक ही दारू मागतात.

हसायचं कोणी बाकी राहिलं नाही. पॅकिंगच्या बायकासुद्धा हसल्या.

मी लाल पट्ट्या स्वतः काढल्या आणि सेठजींकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, मेरे को भी बदबू आयी थी. शरम के मारे बोला नहीं." मग त्यांनी सांगितलं की त्यांनी सुरुवात केली तेव्हा उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात सोडावॉटरच्या बाटल्या भरायचे, गोळी नीट बसली नाही तर बाटली फेकून द्यायचे. "माल रोकनेवाला आदमी चाहिये. रोका, अच्छा किया."

चूक झाली. पोपटीचा वास ज्या मुलीला आवडतो तिने धुराला दोष म्हटलं. यातून एवढंच शिकले की आधी विचारायचं, मग लिहायचं.

२२ फेब्रुवारी, बुधवार

माझं नाव आता फिनॉलबाई. चहावालाही म्हणतो, "फिनॉलबाई, एक कटिंग?" चालेल.

मालिनीताईंबरोबर आठवडाभर पिंपांच्या नमुन्यात पाणी मिसळायचे प्रयोग केले. पिंपातली दारू अठ्ठावन्न टक्क्यांची आहे, बाटलीत ती बेचाळीस पूर्णांक आठ व्हायला हवी. प्रयोगशाळेचं ऊर्ध्वपातित पाणी थेंबाथेंबाने घालून आम्ही वास घेतला. पाणी पडत गेलं तसा दवाखाना मागे सरला. आधी जळकं लाकूड आलं, मग समुद्रासारखं काहीतरी, शेवटी थोडं मधासारखं. मी प्यायले नाही आणि पिणार नाही. पण वास घेताना मला वाटलं, हे ज्यांनी केलं ती माणसं कामात पक्की आहेत.

मालिनीताई बारा वर्षं इथे आहेत, विठ्ठलवाडीला राहतात. त्या म्हणाल्या, "कुमुदिनी, तुझं नाक चांगलं आहे. पण आता तोंडातून पुन्हा फिनॉलचं नाव काढू नकोस. एकदा हसले ते ठीक."

१८ मार्च, शनिवार

लेबलं छापून आली. मोर, सोनेरी कडा आणि खाली रिकामी रेघ, जिथे नंबर हाताने लिहायचा. सेठजींनी ऑफिसातल्या सगळ्यांकडून '१' लिहून घेतला आणि माझं अक्षर निवडलं. एक ते नऊशे सगळे आकडे मी लिहायचे, काळ्या शाईने, टाकाने. रोज दुपारी चाळीस.

बाबांना सांगितलं. ते काडेपेटीच्या कारखान्यात पेट्या मोजण्यात अठ्ठावीस वर्षं घालवलेले. म्हणाले, "नऊशे वेळा? मग तर सगळ्या मोठमोठ्या घरात आपला हात पोचला." मी म्हटलं, नाव नाही बाबा, नुसते आकडे. ते म्हणाले, हात तोच ना.

२ एप्रिल, रविवार

आई माझे कामाचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालते, परसात, उन्हाच्या टोकाला. मी विचारलं तर म्हणाली तिथे ऊन चांगलं पडतं. खरं आहे, तिथे ऊन चांगलं पडतं.

आणखी एक. कामावरून आल्यावर देव्हाऱ्याला हात लावण्याआधी मी हात धुवावेत असं ती आताशा फार म्हणते. औषधाच्या कंपनीचं बरं झालं, आई स्वच्छतेचं पाळायला लागली.

चारशे बारा आकडे झाले.

२९ एप्रिल, शनिवार

काल मी रजेवर होते. काकाच्या मुलीची हळद होती मांजर्लीला. आज कामावर आले तर कळलं की कालच दोन्ही पिंपं मोठ्या टाकीत ओतून त्यांत पाणी मिसळलं. सोमवारी एक मेची सुट्टी, म्हणून दिघेसाहेबांनी घाई केली.

टाकीतला नमुना काढला. वास घेतला. धूर आला, जळकं लाकूड आलं. मग त्याच्या खाली आणखी काहीतरी. मी फेब्रुवारीतला आमचा प्रयोगशाळेत बनवलेला नमुना काढला आणि दोन्ही आळीपाळीने घेतले. जुन्यात दवाखाना मागे सरत होता. नव्यात तो सरतच नव्हता. उलट नाकात चिकटून राहत होता.

मालिनीताईंना म्हटलं, जरा बघता का? त्या म्हणाल्या त्यांना सर्दी आहे.

संध्याकाळभर स्वतःला विचारत राहिले की मला पुन्हा तोच भ्रम होतो आहे का. ज्या मालाचाच वास फिनॉलचा, त्यात वरून फिनॉल पडलं तर कसं कळणार? यापेक्षा चांगली लपायची जागा नाही.

२ मे, मंगळवार

दिघेसाहेबांना सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पुन्हा फिनॉल?"

"सर, या वेळी वेगळं आहे."

"भोईर, तुला किती वेळा हसं करून घ्यायचंय? त्या दिवशी काय झालं ते सांगतो. शुक्रवारी एम.आय.डी.सी.चं पाणी बंद असतं. आपली पाण्याची टाकी रिकामी होती. टँकर मागवला. ते पाणी डी.एम. प्लँटमधून गेलं. मीटर बघितला. मालिनीबाईंची सही आहे रिपोर्टवर. अजून काय पाहिजे?"

डी.एम. प्लँट पाण्यातले क्षार काढतो. मीटरही क्षारच मोजतो. आमच्या प्लँटमधलं क्षार धरून ठेवणारं रेझिन सहा वर्षांचं आहे, त्याच्यातून फिनॉल निघून जाईल याची खात्री कोणीही देणार नाही. मी हे म्हणाले. साहेब म्हणाले, समारंभाला बारा दिवस उरलेत, उद्यापासून भरायला घेतोय, तू नंबर लिहिण्याकडे लक्ष दे.

नंबर तर कधीच लिहून झाले आहेत.

३ मे, बुधवार

रंगाची परीक्षा केली. दोन्ही नमुने सारख्याच तीव्रतेचे, सारखंच रसायन, सारखाच वेळ. टाकीतल्याचा रंग फेब्रुवारीतल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट गडद. तीनदा केली. तिन्ही वेळा तेच.

साहेब म्हणाले, लाकडी पिंपं आहेत, दोन महिन्यांत लाकडातून उतरलं असेल. त्या टँकरचं पाणी तपासायला मागितलं, तर पाण्याची टाकी शनिवारी सकाळीच धुऊन नव्या पाण्याने भरलेली. धुवायला कोणी सांगितलं ते कोणालाच आठवत नाही.

मालिनीताई खिडकीपाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, ताई, शुक्रवारच्या पाण्याचा वास कसा होता? त्या म्हणाल्या, "मी मीटर बघितला, कुमुदिनी. फॉर्ममध्ये मीटरचाच रकाना आहे." मग म्हणाल्या, त्यांच्या धाकटीची दहावी आहे आणि घराचे हप्ते. मी काही तसं विचारलं नव्हतं. थकल्या असतील बिचाऱ्या, सर्दीही आहे.

बाहेर बाटल्या भरल्या जात आहेत. माझ्या अक्षरातले आकडे पट्ट्यावरून सरकताना दिसतात.

४ मे, गुरुवार

टँकरवाला सोमा आज गेटवर सापडला. ओळखीचा आहे, शिरगावातच राहतो. मी विचारलं, शुक्रवारी पाणी कुठलं आणलंस?

"त्या दिवशी सगळीकडं टँकरची लाइन होती ताई. मग वडवलीच्या पलीकडं एका शेतातली विहीर आहे, तिथनं भरलं. का?"

"कंपन्यांचं पाणी जातं त्या नाल्याच्या बाजूची?"

"बाजूची म्हणजे... नाल्याला लागूनच की. पण पाणी एकदम क्लिअर. मी काय पिण्यासाठी देतो का? कंपनीला तर देतो."

मी त्याला म्हटलं, सोमा, ते नऊशे लोक पिणार आहेत. तो म्हणाला, "ते तर दारू पिणार ना ताई." आणि हसला.

त्याच्यावर रागावता आलं नाही. कोणाला पाणी कशासाठी लागतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

५ मे, शुक्रवार

नऊशे बाटल्या भरून झाल्या. सोमवारी मी 'पास' असं प्रमाणपत्र लिहिलं की त्या बाहेर जातील. रजिस्टरप्रमाणे या महिन्यात प्रमाणपत्राची सही माझी आहे. साहेब आज गोड बोलत होते. जूनमध्ये मला कायम करायचं चाललं आहे असं म्हणाले. नाहीतर मालिनीबाई सही करतील, तुझ्यावर जबरदस्ती नाही, असंही म्हणाले.

एका पेल्याने माणूस मरणार नाही, हे मला कबूल आहे. साहेबही तेच म्हणतात. पण त्या विहिरीत फिनॉल आहे, हे मला कळलं कारण मला तो वास ओळखता येतो. त्याच्यासोबत आणखी काय आहे, ज्याचा वास मला ओळखता येत नाही? हे साहेबांनाही विचारलं. ते म्हणाले की तुझ्या घरात तूच पहिली शिकलेली ना, मग जपून वाग.

मी शंभर टक्के बरोबर आहे का? नाही. फेब्रुवारीत मला शंभर टक्के खात्री होती आणि मी चुकले होते. आता ऐंशी टक्के आहे. ऐंशीवर सही करतात का, ते मला माहीत नाही. मला आणखी एक नाक हवं आहे, ज्याला कोणी हसलेलं नाही.

७ मे, रविवार

आधी गुन्हा लिहिते. काल मी प्रयोगशाळेतून दोन छोट्या बाटल्या डब्याच्या पिशवीत घालून घरी आणल्या. प्रत्येकी दहा मिलिलिटर, एक फेब्रुवारीतली, एक टाकीतली. असं करायला परवानगी नाही. केलं.

सकाळी आई परसात सुकट निवडत बसली होती. मी तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, "आई, मी औषधाच्या कंपनीत नाही. दारूच्या कंपनीत आहे."

तिने सुकटातला खडा काढून टाकला. "मना कदीचां म्हाईत हाय."

"कोणी सांगितलं? बाबांनी?"

"त्यो काय सांगतंय. अकरा म्हयने तुजी ओडनी कोन धुतंय? सात गावांच्या भट्ट्या मी नाकानी शोदल्या, न घरातली मना कलनार नाय?"

मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नको गो. मी वाट बगत व्हती, कदी सांगतंय ती. शिकलेली पोर खोटां किती दिस बोलतंय, मना बगायचां व्हतां."

मग मी तिला सगळं सांगितलं. पिंपं, फॅक्स, टँकर, विहीर. दोन बाटल्या पुढे ठेवल्या. कुठली कोणती ते सांगितलं नाही. तिने पदर नाकाला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दारू तिने पंधरा वर्षांत घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. मी म्हटलं, नको असेल तर राहू दे. तिने पदर काढला, हात धुतले आणि पहिली बाटली घेतली.

"ह्यो धूर हाय. लाकडाचा नाय, शेनीचा बी नाय. मातीचा. वल्ली माती जललेली." तिने पुन्हा वास घेतला. "लांबचा धूर हाय. आपला नाय."

पीटचं नाव तिने आयुष्यात ऐकलेलं नाही.

दुसरी बाटली तिने नाकाशी नेली आणि लगेच लांब केली. "ह्यात बी त्योच धूर हाय. पन त्याच्या खाली आपला ओडा हाय. दुदी मेलेला, त्यो."

मी तिला पाठमोरं बसवलं, बाटल्या बदलल्या, पुन्हा दिल्या. आणखी एकदा. आणखी दोनदा. पाचही वेळा तिने ओढा बरोबर काढला. शेवटी वैतागली. "शाला घेतंय काय माजी?"

मग सुकटाचं सूप मांडीवर घेऊन म्हणाली, "पिनारा मानूस मना आवडत नाय. तुजी कंपनी बी मना आवडत नाय, ती सोडशील तवा मी पेढे वाटीन. पन पिनाऱ्याला नाल्याचां पानी पाजायचां, त्ये बी शायने लोकांनी, कागदावर सई करून? तुजा मोटा काका असाच गेला ना. त्याला काय म्हाईत व्हतां, आत काय हाय त्ये."

मी म्हटलं, उद्या सेठजींना विचारते. ते चांगले आहेत. फेब्रुवारीत त्यांनी मला शाबासकी दिली होती.

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून पाचवीतच आहे. "फेब्रुवारीत त्याचां काय जात व्हतां? आमी भट्टी फोडली, तवा भट्टीवाल्याला इचारायला गेलो व्हतो?"

दोन्ही बाटल्या तिने स्वतः परसात ओतल्या आणि वर राख टाकली.

८ मे, सोमवार

कारखान्याच्या आवारातच सरकारचं एक छोटं ऑफिस आहे. तिथे उत्पादन शुल्क खात्याचे दुय्यम निरीक्षक सोनावणेसाहेब बसतात. भरलेला माल ज्या गोदामात असतो त्याची एक किल्ली कंपनीकडे आणि एक त्यांच्याकडे. त्यांच्या नोंदवहीत एखाद्या लॉटवर केमिस्टने शंका नोंदवली, तर सरकारी प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत तो लॉट कोणालाही हलवता येत नाही. कंपनीच्या फायलीतलं पान बदलता येतं. त्या वहीची पानं छापील क्रमांकाची आहेत.

आज सकाळी सव्वादहा वाजता मी त्या वहीत लिहिलं. लॉट, तारीख, टँकरच्या पाण्याची जागा, तीन वेळच्या परीक्षेचे आकडे, आणि शेवटी 'मानवी सेवनास योग्य असल्याची खात्री नाही.' आईचं नाक लिहिलं नाही. त्याला रकाना नाही.

सोनावणेसाहेबांनी दोनदा वाचलं. "बाई, फेब्रुवारीतही तुम्ही फिनॉलच म्हणाला होतात. सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

"हो. तेव्हा मी चुकले होते."

"मग पुन्हा हसतील."

"तेही वर लिहा साहेब, फॅक्सच्या तारखेसकट. म्हणजे तपासणाऱ्याला दोन्ही ठाऊक असेल."

त्यांनी मान डोलावली आणि ते खरंच लिहिलं. मग आम्ही दोघं गोदामात गेलो. वेगवेगळ्या खोक्यांतून सहा बाटल्या काढल्या, लाखेने सील केल्या. सीलवर माझी सही, त्यांची सही. अकरा वाजता जीपमधून बाटल्या गेल्या. निकालाला तीन आठवडे लागतात. समारंभ सहा दिवसांवर आहे.

यातलं काहीही मी कोणाला आधी विचारलं नाही. मालिनीताई आज आल्याच नाहीत, ताप आहे असा निरोप होता. दिघेसाहेब कल्याणला गेले होते.

त्यानंतर मी सेठजींच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता, ते स्वतः पाकिटांवर नावं घालत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"पहले मेरे पास आना था, बेटी."

"आले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"पता नहीं." त्यांनी हातातलं पाकीट उलटं करून ठेवलं. मग मराठीत म्हणाले, "कदाचित म्हणालो असतो."

"आणि तुम्ही नाही म्हटल्यावर मला लिहायचा धीर झाला असता की नाही, मला माहीत नाही. म्हणून आधी लिहिलं."

"तू गलत निकली तो? पंचवीस वर्षांत एकदाच हे करतोय मी. लोक येणार, आणि मी काय देणार त्यांना, सोडावॉटर?"

"चुकले तर माझ्या सहीखाली चुकलेलं असेल. तसं वहीत लिहून आले आहे."

"आणि बरोबर निघालीस तर?"

याचा मी विचार केला नव्हता. म्हटलं, "तर मिसळण्याचं पाणी कुठून येतं ते इथून पुढे आधी मी तपासणार. मीटर नाही, मी."

 त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा उचलून खालच्या खणात ठेवला. खण बंद होईना, त्यांनी गुडघ्याने ढकलला.

मी प्रयोगशाळेत परत आले. रमच्या बॅचचे सहा नमुने सकाळपासून थांबले होते. ते केले. सहाही पास.